माणसांचा पाळणा

खाणीत उतरणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याला तिथले सगळे 'पाळणा' म्हणत. हे नाव कोणी दिलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण देणाऱ्याच्या जिभेला हाड नसणार. आठ-दहा धट्टीकट्टी माणसं खांद्याला खांदा लावून आत उभी राहतात, बाहेरून सळई सरकवली जाते, आणि 'जपून' म्हणायच्या आत पायाखालची जमीन निघून जाते. मग उरतो तो दोर आणि वरचा माणूस.

हा वरचा माणूस पाळण्यापासून लांब, एका वेगळ्या इमारतीत बसतो. त्याला पाळणा दिसत नाही, त्यातली माणसंही दिसत नाहीत. समोर खोलीएवढा लोखंडी रहाट, त्याच्यावर गुंडाळलेला मनगटाएवढा पोलादी दोर, आणि पाळणा किती खोल गेला ते दाखवणारी तबकडी. उजव्या हाताला ब्रेकचा दांडा, डाव्या हाताला वेगाचा. खाणीच्या तोंडाशी उभा असलेला इशारेवाला घंटी वाजवतो, ती इथे डोक्यावर वाजते. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. आधी तीन पडले तर पाळण्यात माणसं आहेत.

दोरबाईच्या घंटीवर तीन टोले कधी पडलेच नव्हते.

खाणीला दोन तोंडं होती, एक मालाचं आणि एक माणसांचं. दोरबाई मालाच्या तोंडावर होती. तांब्याचा दगड वर आणायचा, लाकडाचे ओंडके, पाइप, पाण्याच्या पंपाचे भाग खाली सोडायचे. हे काम ती इतकी वर्षं करत होती, की तिच्या हाताखाली शिकून गेलेल्यांच्या डोक्यावर आता पांढरे केस दिसू लागले होते. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ती हातात सुती चिंधी धरून दोर हळूहळू त्या चिंधीतून जाऊ द्यायची. कुठे बारीक तार तुटली असेल तर चिंधी अडकते. इतर लोक आठवड्यातून एकदा हे करत, तेही साहेब बघत असतील तर. त्यावरूनच तिचं नाव दोरबाई पडलं होतं, आणि तिच्या सासूसकट सगळे तिला त्याच नावाने ओळखत.

माणसांच्या पाळण्यावर दोघं जण असत. त्यातला एक होता उस्ताद, ज्याने दोरबाईला शिकवलं. दुसऱ्याचा हात कापू लागला आणि त्याने स्वतःहून काम सोडलं. जागा रिकामी झाली. दोरबाई सगळ्यांत जुनी होती. तिने साहेबांच्या खोलीत जाऊन ती जागा मागितली.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली.

"तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही," तो म्हणाला. "पण कायद्यात बसत नाही. ज्या पाळण्यातून माणसांची ने-आण होते तो पाळणा स्त्री चालवणार नाही, असं खाण कायद्यात स्पष्ट लिहिलंय."

"का?"

साहेबाने थोडा विचार केला. "का ते नाही लिहिलेलं."

जागा एका तरुणाला मिळाली. दोरबाईनेच त्याला मालाच्या पाळण्यावर शिकवलं होतं. हुशार होता, पण हात उतावळा. तबकडीचा काटा तळाजवळ आला की ब्रेक आधीपासून थोडा थोडा दाबत न्यावा लागतो, तो शेवटी एकदम दाबायचा. दगडांना त्याने काही फरक पडत नाही. ती त्याला शंभरदा म्हणाली होती, "दगड तक्रार करत नाहीत म्हणून तुझं चाललंय, बाबा."

मग एके सकाळी माणसांचा पाळणा तळावर आपटला. एकाचे पुढचे दात गेले, दोघांच्या कमरेला मार लागला, आणि दोरबाईच्या धाकट्या भावाचा घोटा मोडला. भाऊ खाणीत सुरुंग लावण्याचं काम करायचा. उभ्या आयुष्यात सुरुंगाने त्याला ओरखडासुद्धा काढला नव्हता, आणि कामावर जाताजाताच पाय मोडून बसला.

चौकशी झाली. तरुणाला समज दिली गेली. पंधरवड्याने तो पुन्हा त्याच दांड्यावर बसला.

"त्याच्या जागी मी असते तर?" दोरबाई नवऱ्याला म्हणाली. नवरा खाणीच्या दिवेघरात कामाला होता. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावरचा दिवा देणं आणि परत आल्यावर मोजून घेणं हे त्याचं काम. स्वभावाने गरीब. त्याचा आवाज चढलेला शेजाऱ्यांनीही कधी ऐकला नव्हता.

"तू असतीस तर आज जगातल्या सगळ्या बायकांच्या नावाने खडे फोडले असते," तो म्हणाला. "आता फक्त ब्रेकच्या नावाने फोडतायत."

भावाच्या पायाची भरपाई मिळवून द्यायला शहरातून एक वकीलबाई आली. ठेंगणी, कायम सर्दी झालेली. बाहेरचे बूट दारात काढून पिशवीतल्या सपाता घालायची आणि मगच बोलायला लागायची. भावाच्या खाटेशेजारी बसून ती खाण कायदा चाळत होती. दोरबाई उशाशी उभी होती. चाळता चाळता वकीलबाई थांबली, नाक पुसलं, आणि एक ओळ पुन्हा वाचली.

"हे कलम अजून आहे?"

"कुठलं?" भावाने विचारलं.

तिने मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊ हसला आणि बहिणीकडे बोट दाखवून म्हणाला, "विचारा की हिलाच. हिनेच तर डोकं आपटून घेतलंय त्याच्यावर."

वकीलबाईने दोरबाईकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला लढायचंय?"

लढायचंय असं दोरबाईने आधी कधी मनात आणलं नव्हतं. तिला ती जागा हवी होती, एवढंच. पण प्रश्न कानावर पडला आणि तो दिवसभर गेला नाही.

दुसऱ्या भेटीत वकीलबाईने तिला समजावून सांगितलं. खाण कायदा जुना आहे, राज्यघटना नंतरची. घटना म्हणते की कायद्यापुढे सगळे सारखे, आणि निव्वळ बाई आहे किंवा पुरुष आहे म्हणून सरकार कोणाशी भेदभाव करू शकत नाही. जुना कायदा घटनेच्या आड आला, तर तो तेवढ्यापुरता रद्द ठरतो. मात्र तो रद्द आहे हे कोणीतरी न्यायालयात जाऊन म्हणावं लागतं. आपोआप काही होत नाही.

"मग मी चांगली चालवते हे दाखवावं लागेल," दोरबाई म्हणाली. "मी दाखवीन. कोणीही येऊन बघावं."

"नाही," वकीलबाई म्हणाली. "हे डोक्यातून काढा. तुम्ही चांगल्या चालवता की वाईट, हा प्रश्नच नाही. हा कायदा तुम्हाला परीक्षेलाच बसू देत नाही. डोळे तपासत नाही, हात तपासत नाही, फक्त बाई आहात का ते बघतो. आपलं भांडण तेवढंच आहे."

दोरबाईला हे पटायला वेळ लागला. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की पुरुषाच्या दुप्पट चांगलं काम केलं की कधीतरी कोणाच्या तरी लक्षात येईल.

दावा दाखल झाल्याची बातमी खाणीत पोचली आणि हवा पालटली. पाण्यात राहून माशाशी वैर, असं सासू म्हणाली, आणि ती काही चुकीचं बोलत नव्हती. इंजिनघरातला गप्पांचा फळकुटाचा बाक ओस पडला. दिवेघराच्या खिडकीशी माणसं नवऱ्याच्या हातून दिवा घेत आणि त्याच्याकडे न बघता निघून जात. पंपवाला, ज्याची जीभ सगळ्यांत तिखट होती, तो मात्र थांबून बोलायचा.

"बायकोला सांग, पाळण्यात माणसं हलवायची हौस असेल तर घरी हलव. तिथे कायदा आडवा येत नाही."

नवरा पुढचा दिवा खिडकीत ठेवायचा आणि पुढच्याचा नंबर पुकारायचा.

मग एका संध्याकाळी कामगार संघटनेचा पुढारी घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, चहाला नाही म्हणाला. तेव्हाच दोरबाईला कळलं की हा सलगीने आलेला नाही.

"ताई, तुमच्याशी माझं वैर नाही," तो म्हणाला. "पण जरा पुढचं बघा. बायका आल्या की कंपनी त्यांना कमी पगारावर घेणार. मग आमच्या माणसांना म्हणणार, तुम्हीही तेवढ्यात करा, नाहीतर घरी बसा. तुम्ही एक जागा मिळवाल आणि आमच्या शंभर घरांची चूल विझवाल."

"मग पगार सारखा मागा," दोरबाई म्हणाली. "मला कशाला थांबवता?"

"ते बोलायला सोपं आहे."

"आणि हे सोपं आहे? मी ज्याला शिकवलं तो माझ्या भावाचा पाय मोडतो आणि मला म्हणतात, तू नाही चालणार. हे सोपं आहे?"

पुढारी उठला. दारात म्हणाला, "दिवेघरातल्या तुमच्या मालकांना संघटनेचं सभासदत्व टिकवायचंय ना?"

तो गेला. सासूने न विचारता ताटं मांडली. जेवता जेवता नवरा खाली मान घालून म्हणाला, "तू माघार घेतलीस तर मी काही म्हणणार नाही. आणि नाही घेतलीस तरी नाही म्हणणार."

दोरबाईच्या मस्तकात तिडीक गेली. "म्हणजे तुम्ही कधी काहीच म्हणणार नाही. लोक तुमच्या तोंडावर बोलतात, तुम्ही नंबर पुकारता. मी उद्या हरले तरी नंबर पुकाराल."

"मग काय करू? मारामारी करू दिवे घेऊन?"

"काय करायचं ते करा. पण कुठल्या बाजूला आहात ते एकदा सांगा."

नवरा ताटावरून उठला. सासू म्हणाली, "सूनबाई, माझा नवरा त्या पाळण्यातून रोज गेला. मी रोज दारात उभी राहिले. वर कोण बसलंय ते मला कधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बरं वाटलं असतं." ती एवढंच बोलली. हे कुणाच्या बाजूने होतं ते दोरबाईला त्या वेळी उमगलं नाही, आणि म्हातारीने पुन्हा कधी उलगडून सांगितलं नाही.

सगळ्यांत जास्त लागलं ते उस्तादचं. त्याने तिच्या बाजूने दोन शब्द बोलावेत म्हणून ती त्याच्या घरी गेली. तो अंगणात करवत घासत बसला होता.

"मला मध्ये ओढू नकोस," तो म्हणाला. "दोन्हीकडची माणसं माझीच आहेत."

तिने मान हलवली आणि परत आली. वाटेत रडू आलं नाही, पण चप्पल दोनदा पायातून निसटली.

सुनावणी शहरात होती. न्यायालयाची खोली उंच छताची होती आणि साक्षीदाराचा पिंजरा इतका अरुंद, की दोरबाईला हात कुठे ठेवावेत ते कळेना. जन्मभर हातांना दांडे होते. इथे नुसता कठडा. तिने तो घट्ट धरला.

सरकारी वकील सावकाश बोलणारा होता. त्याने तिच्या कामाची तारीफ केली, अनुभवाची तारीफ केली. मग अगदी सहज विचारलं, "पाळणा चालवताना तुम्हाला कधी भीती वाटते का?"

वकीलबाईने बजावून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच सांगा. पण शपथ घेतलेली. दोरबाई म्हणाली, "रोज वाटते."

"रोज?"

"हो."

तो थांबला. ते शब्द खोलीत नीट पसरू दिले. "तुमच्या पाळण्यात तर दगड असतात. तरी रोज भीती वाटते. मग माणसं असतील तर काय होईल?"

उत्तर होतं, पोटात होतं, पण ओठांवर येईना. ती नुसतीच म्हणाली, "जपून चालवीन." मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. वकीलबाई नाक पुसत राहिली आणि एकदाही वर बघितलं नाही. दोरबाईला वाटलं, संपलं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्यानंतर सरकारी वकिलाने साक्षीला बोलावलं ते तिच्या भावाला.

भाऊ येणार हे तिला माहीत नव्हतं. वकीलबाईला कागदांवरून कळलं होतं, पण तिने सांगितलं नव्हतं. भाऊ पुन्हा कामावर जायला लागला होता, तरी काठी टेकतच आला. बहिणीच्या बाकापाशी त्याचं पाऊल अडखळलं, पण तो थांबला नाही.

"तुम्ही रोज पाळण्यातून उतरता," सरकारी वकील म्हणाला. "उद्या तुमच्या सख्ख्या बहिणीच्या हातात पाळणा असेल, तर तुम्ही त्यात उभे राहाल?"

भाऊ काठीकडे बघत राहिला. "नाही."

"का?"

"भीती वाटेल."

"आभारी आहे."

दोरबाईच्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. हाच भाऊ. लहानपणी विहिरीत उतरला तेव्हा दोर तिने धरला होता, आणि खालून ओरडला होता, सोडू नकोस गं ताई. तिने सोडला नव्हता.

वकीलबाई उठली. तिने कागद हातात घेतला नाही.

"तुमचा पाय मोडला तेव्हा पाळणा कोण चालवत होतं?"

"आमचाच एक माणूस."

"पुरुष?"

"हो."

"तो अजून चालवतो?"

"हो."

"त्याच्या पाळण्यात तुम्ही अजून उभे राहता?"

"राहावंच लागतं. कामावर जायचंय."

"भीती वाटते?"

"वाटते."

"तरी?"

"तरी."

वकीलबाई खाली बसली. न्यायाधीशांपैकी मधल्याने पेन उचलून काहीतरी लिहिलं. दोरबाईला ते अक्षर दिसत नव्हतं, पण नजर पेनावरून हलेना.

बाहेरच्या जिन्यावर भावाने तिला गाठलं. "ताई, मी खोटं बोललो नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "खोटं असतं तर एवढं लागलं नसतं."

निकालाला महिने लागले. ते महिने कसे गेले ते तिलाच ठाऊक. कंपनीने तिला कामावरून काढलं नाही, कारण मालाच्या पाळण्यावर दुसरं कोणी नव्हतं. पण एका सकाळी इंजिनघराच्या दारावर कोळशाने एक गलिच्छ शब्द लिहिलेला सापडला. तिने तो पुसायला पाणी आणलं. बादली घेऊन परत येते तो नवरा शर्टाच्या बाहीने दार घासत होता. दिवेघर सोडून, कामाच्या वेळेत. खिडकीशी रांग खोळंबलेली. पंपवाला लांबून ओरडत होता, दिवे कोण देणार म्हणून.

"थांबा," नवरा ओरडला. भर चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "थांबा म्हटलं ना. आधी हे पुसतो. तोवर कोणालाही दिवा मिळणार नाही."

आणि कोणी गेलं नाही. दिव्याशिवाय खाली जाताच येत नाही.

निकाल आला तेव्हा ती दांड्यावर होती. मालाचा पाळणा तळातून वर येत होता, दगडांनी भरलेला. दारात कोणीतरी उभं राहिल्याचं तिला जाणवलं. पाळणा चालू असताना चालवणाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम तिथल्या मांजरालाही पाठ होता. तिने मान वळवली नाही. तबकडीच्या काचेत नवऱ्याची पुसट आकृती दिसत होती, चेहरा दिसत नव्हता. काटा एकेक रेघ ओलांडत वर सरकत होता. एकदा वाटलं, वेग वाढवावा. वाढवला नाही. उलट रोजच्यापेक्षा थोडा कमीच ठेवला. पाळणा तोंडाशी आला, एक टोला पडला, तिने ब्रेक पूर्ण दाबला, खुंटी लावली आणि मग वळली.

"रद्द केलं," नवरा म्हणाला. "ते कलम. रद्द केलं."

न्यायाधीशांनी लिहिलं होतं ते वकीलबाईने फोनवर वाचून दाखवलं. पाळणा चालवायला काय लागतं हे ठरवायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. नजर तपासा, हात तपासा, कठीणात कठीण परीक्षा घ्या. पण ती परीक्षा सगळ्यांना एकच पाहिजे. बाई असणं ही नापास होण्याची पद्धत असू शकत नाही. आणि भीतीबद्दल एक छोटं वाक्य होतं: साक्षींवरून दिसतं की भीती या कामात दोन्हीकडे आहे, त्यामुळे तिच्यावरून भेद करता येत नाही. दोरबाईने ते वाक्य वकीलबाईला पुन्हा वाचायला लावलं.

तिने परीक्षा दिली. शहरातून दोन अधिकारी आले, वाळूची पोती भरलेला पाळणा तिच्याकडून दिवसभर वर-खाली करून घेतला आणि सही करून गेले. कंपनीने तिला सकाळची पाळी दिली. तरुणाची मालाच्या तोंडावर बदली झाली. कदाचित त्यालाही त्यात सुटल्यासारखंच वाटलं असेल.

पहिल्या सकाळी रात्रपाळी संपवून उस्ताद दांड्यावरून उठला. अभिनंदन वगैरे काही म्हणाला नाही. कोट घालता घालता बोलला, "या तबकडीचा काटा तळाजवळ जरा मागे राहतो. रहाटावरच्या पांढऱ्या खुणेवर भरवसा ठेव." दारापर्यंत जाऊन परत वळला. "आणि पाण्याची बाटली डावीकडे ठेव. उजवीकडे कोपर लागतं." मग गेला.

ती बसली. पाळीचा भोंगा झाला.

घंटी वाजली नाही.

इंजिनघरातून खाणीचं तोंड दिसत नाही. फक्त ऐकू येतं. एरवी या वेळेला तिथे बूट वाजतात, खोकला, शिव्या, सळईचा खडखडाट. आज पावलं आली आणि थांबली. इशारेवाल्याचा आवाज आला, "चला, कोण कोण?" पुढे काहीच नाही. मग पावलं निघून गेल्याचा आवाज, एकाची, मग बऱ्याच जणांची. खाणीत उतरायला एक जुना जिना होता, खडकात ठोकलेल्या लोखंडी शिड्यांचा. पाऊण तास लागायचा उतरायला आणि खाली पोचेपर्यंत गुडघे बोंबलत असत. ते सगळे तिकडे वळले होते.

दोरबाई दांड्यावर हात ठेवून बसून राहिली. हात काढावा की ठेवावा कळेना. न्यायालयाने कायदा रद्द केला होता. पाळण्यात पाऊल टाकायला लावणारा कायदा कुठेच नव्हता, आणि असूही शकत नव्हता. रिकामा पाळणा तिच्या हातात होता. तिला वाटलं, जिंकून मिळवलं काय, तर ही शांतता.

आणि मग घंटी वाजली. तीन टोले. थांबून दोन.

उजव्या हाताने ब्रेक सैल केला, डाव्याने वेग दिला, आणि रहाट फिरू लागला. वजन दाखवणारी सुई जेमतेम हलली होती. एकच माणूस असणार, फार तर दोन. कोण? तिने विचार झटकला. पांढरी खूण येईपर्यंत तिने डोळ्याची पापणी लववली की नाही ते देव जाणे. शेवटच्या टप्प्यावर ब्रेक इतका हलका नेला, की पाळणा टेकला तो क्षण तिलाही कळला नाही. खालून एक टोला आला. पोचला. मग तिने डावीकडची बाटली उचलली.

आत एकटा पंपवाला होता. हे तिला दुपारी इशारेवाल्याने सांगितलं. खालचा पंप बंद पडायच्या बेतात होता आणि शिडीने जाईपर्यंत तळात कमरेएवढं पाणी झालं असतं. पंपवाला तिच्या नावाने, नवऱ्याच्या नावाने, न्यायालयाच्या सात पिढ्यांच्या नावाने शिव्या घालत पाळण्यात चढला होता. वर आल्यावर लोकांनी विचारलं, कसं काय?

"कसं काय म्हणजे?" तो म्हणाला. "गेलो आणि आलो. आपटलं नाही कुठे. आता बाजूला व्हा, मला भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी चौघं आले. त्या आठवड्यात पाळणा अर्धा भरू लागला. शिडीने जाणाऱ्यांचे गुडघे तत्त्वापेक्षा लवकर थकले. भाऊ मात्र बरेच दिवस शिडीनेच उतरत राहिला, मोडलेला पाय घेऊन. तिने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. एका सकाळी इशारेवाल्याने इंजिनघरात डोकावून सांगितलं, "आत्ता जो फेरा सोडलात ना, त्यात तुमचा भाऊ होता. डोळे मिटून उभा होता." ती फक्त "बरं" म्हणाली आणि पुढच्या टोल्यांची वाट बघू लागली. रविवारी भाऊ घरी जेवायला आला, खूप दिवसांनी. खाणीचा विषय कोणी काढला नाही. सासूने त्याला दुसऱ्यांदा वाढलं आणि त्याने नको म्हटलं नाही.

पुढाऱ्याची शंका अगदीच वावगी नव्हती. दीड-दोन वर्षांत आणखी तिघी बायका परीक्षा देऊन पास झाल्या, आणि कंपनीने त्यांना पुरुषांपेक्षा कमी पगारावर घेतलं. आधी बायकांना आत घ्यायचं नव्हतं, आता फक्त बायकाच हव्या होत्या. वकीलबाई फोनवर शिंकली आणि म्हणाली, यालाही तेच घटनेचं कलम लागू आहे, पण पुन्हा कोणीतरी जाऊन म्हणावं लागेल.

पुढारी एका संध्याकाळी आला. या वेळी खुर्चीत मागे टेकून बसला, चहा घेतला, बशीत ओतून प्यायला.

"ताई, संघटनेने ठरवलंय दावा लावायचा," तो म्हणाला. "सारख्या कामाला सारखा पगार. अर्जदारांत तुमचं नाव पहिलं टाकलंय. आपली केस पक्की आहे."

"मला विचारायच्या आधी नाव टाकलं?"

पुढारी ओशाळला. "विचारायलाच आलोय की."

नवरा आतून पेन घेऊन आला आणि न बोलता तिच्यापुढे ठेवलं. दोरबाईने सगळा कागद वाचला, मागची बाजूही वाचली. पुढाऱ्याला उशीर होत होता, त्याने दोनदा घड्याळाकडे बघितलं. तिने तिसऱ्या ओळीतली एक चूक दाखवली, ती त्याच्याकडून दुरुस्त करून घेतली, आणि मग सही केली.

"उद्या माझी सकाळची पाळी आहे," ती म्हणाली. "तारखेला यायचं असेल तर दोन दिवस आधी कळवा. पाळण्यावर दुसरं कोणीतरी बसवावं लागेल."